वाचून दाखविले, समजावून सांगितले

"साहेब, ह्यात काय लिवलंय तेवढं वाचून दावा की."

बाईंनी पदराची गाठ सोडली आणि चार घड्यांचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. कागदाला बेदाण्याचा वास येत होता. तासगावात उन्हाळा लागला की शेडवर बेदाणा निवडायला जाणाऱ्या सगळ्याच बायांच्या लुगड्याला तो वास लागतो. वरून गोड, आणि त्या गोडाखाली गंधकाच्या धुरीचा खवखवता पदर. कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मी त्या नखानं हलकेच सोडवल्या.

"पोस्टानं आला?"

"व्हय. पोष्टमन म्हनला, आक्का, मोटा कागूद हाय, कोर्टात नेऊन वाचून घे. आता कोर्टात कोन माज्या वळकीचं? तुमचं टेबल दारातच दिसलं."

माझं टेबल दारातच होतं खरं. रेकॉर्डरूमच्या भिंतीला टेकून एक पत्र्याची शेड, तिच्याखाली टेबल, दोन खुर्च्या, शाईचं पॅड, गोल शिक्का आणि नोंदवही. वर पाटी : ॲड. वसंत भोकरे, नोटरी. येणाराजाणारा आधी मलाच पाहायचा.

मी वाचू लागलो. घरावर कर्ज देणाऱ्या एका संस्थेची नोटीस होती. श्रीमती अंजिराबाई केरबा तोडकर यांच्या मालकीचं घर, दिगंबर तोडकर याच्या कर्जापोटी, सदर श्रीमती तोडकर यांच्या संमतीनं गहाण. हप्ते थकलेले. साठ दिवसांत भरणा न झाल्यास घराचा ताबा घेण्यात येईल. मागं संमतीपत्राची झेरॉक्स जोडली होती. तळाशी एक काळा अंगठा. अंगठ्याशेजारी गोल शिक्का, आणि त्याच्या कडेनं फिरलेलं माझं नाव.

"काय वो, गप का झालासा? लई वाईट हाय का?"

"हा अंगठा तुमचा आहे का, मावशी?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "झेराक्षीत सगळ्यांचं आंगटं सारकंच दिसत्यात की. पर मी कुटं दिलाय? शेडवर हजेरीला देते तेवढाच."

"दिगंबर तुमचा कोण?"

"दीराचा ल्योक. म्हंजी माजाच. सा म्हयन्याचा हुता, त्याची आई गेली. माजी कूस रिकामी, त्याचं घर रिकामं. घातला पदराखाली." त्या हसल्या. "आता टेम्पो घेतलाय त्यानं. का वो? त्याचं काय लिवलंय?"

मी वाचलं ते सांगितलं. घर, गहाण, साठ दिवस. फक्त शिक्क्यावरचं नाव सांगितलं नाही.

"माज्या संमतीनं?" बाई म्हणाल्या. "आन मलाच ठावं न्हाई? बरी हाय की गंमत." मग एकदम हसू थांबलं. "साहेब, घर जानार म्हंजी कसं जानार? घर काय चालतंय व्हय?"

"हरकतीचा दावा टाका. अंगठा तुमचा नाही म्हणून सांगा. समोर दिवटे वकील बसतात, गरिबांचे दावे ते सरकारकडून फुकट चालवतात. मी नोटरी, दावे चालवत नाही."

"तुमी भला मानूस. वाचून तरी दावलंसा." कागद पुन्हा पदरात बांधून त्या दिवटे वकिलांच्या टेबलाकडे गेल्या. पाठमोऱ्या लहान दिसत होत्या, आणि चालताना डावा पाय किंचित ओढत होत्या.

मी नोंदवही काढली. दीड वर्षामागचं पान सापडायला वेळ लागला नाही.

*

कंपनी पुण्याची. कर्ज देणाऱ्या संस्थांचे कागद तयार करायचे आणि गावोगावच्या नोटरींना कर्जदारांच्या घरी पाठवून सह्या घ्यायच्या, हा तिचा धंदा. नोटरी कंपनीचा नोकर नसे, पॅनेलवरचा असे. फोन यायचा, पाकीट यायचं, मी स्कूटर काढायचो. सह्या घ्यायच्या, शिक्के मारायचे आणि पाच वाजताच्या कुरिअरनं पाकीट परत. ते पाच मोठे महत्त्वाचे असत.

फोन करायची ती प्राची मॅडम. तीन वर्षांत आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं, पण आवाजावरून मला तिचं सर्दीपडसंही कळायचं. गार्गीची, माझ्या मुलीची, परीक्षा कधी आहे हे तिच्या लक्षात असे. "सर, तुमचं पाकीट आलं की आम्ही उघडून बघतही नाही," ती म्हणायची. "सरळ पुढे पाठवतो. तासगाव म्हटलं की डोळे मिटून." हे ऐकलं की मला त्या दिवशीचं जेवण गोड लागायचं. मोठा वकील मी कधी झालो नाही. पुण्यात कुणीतरी माझ्या शिक्क्यावर डोळे मिटतं, एवढीच माझी कमाई होती.

दीड वर्षामागं त्या दिवशी मी दिगंबर तोडकरच्या घरी गेलो तेव्हा तो एकटाच होता. तिशी-पस्तिशीचा, केस नीट विंचरलेले, पायात नवी चप्पल. मला बघून त्यानं खुर्ची दोनदा पुसली.

"काकी सांगोल्याला गेलीया, साहेब. नंदेकडं. म्या सांगितलं हुतं वो तिला, पर नंदंला बरं न्हाई म्हनून सांगावा आला."

"मग उद्या येतो."

"उद्या चालतंय का बगा की इचारून. टेम्पो बुक झालाय. आज कागूद न्हाई गेला तर गाडी दुसऱ्याला देनार म्हनत्यात."

मी तिथूनच प्राचीला फोन लावला. ती म्हणाली, "सर, आज शेवटची तारीख आहे. फाइल आली नाही तर प्रकरण परत जातं. मुलगा घरचाच आहे ना? मग तुम्ही शिक्का मारून द्या, अंगठा तो घेऊन येईल. तुमच्यावर सोडते, सर."

माझ्यावर सोडलं म्हणाली, आणि मला बरं वाटलं.

मी दिगंबरच्या ओट्यावर बसून अंगठ्याच्या कोऱ्या जागेशेजारी शिक्का मारला. शिक्क्याच्या वर छापलेलं होतं : 'मजकूर वाचून दाखविला, समजावून सांगितला, तो समजून घेऊन माझ्यासमक्ष अंगठा केला.' नोंदवहीतही अंगठ्याचा रकाना असतो. वही कुणाच्या हाती देता येत नाही. म्हणून मी कोऱ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी फाडून दिली. "ह्याच्यावर पण एक घेऊन ये." अशी पट्टी नंतर डिंकानं वहीत चिकटवायची. आम्ही नोटरी लोक हे करायचो. कुणी एकमेकांना शिकवलं नव्हतं, पण सगळ्यांना येत होतं.

तो साडेदहाला निघाला. सांगोल्याला जाऊन यायचं म्हणजे निदान चार तास. तो दीड वाजता परत आला. घामाघूम, कागदावर अंगठा, पट्टीवर अंगठा, शाई अजून ओली.

मी घड्याळ पाहिलं होतं.

मग मी पट्टी चिकटवली आणि पाकीट कुरिअरला दिलं. मला प्राचीनं विचारलं नाही आणि दिगंबरला मी विचारलं नाही. ह्या दोन न विचारण्यांच्या मधून एका बाईचं घर निघून चाललं होतं, आणि त्या संध्याकाळी मी गार्गीसाठी सायकलची घंटी घेऊन घरी गेलो.

*

नोटीस पाहिली त्याच दुपारी मी पुण्याला फोन केला.

"प्राची मॅडम, तोडकर प्रकरण. तासगाव. त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, शिक्का मारून द्या—"

"सर." तिचा आवाज एकदम सपाट झाला. "आता हे फोन रेकॉर्ड होतात."

  लाइनवर कुणीतरी पंखा लावल्यासारखी घरघर येत राहिली.

"गार्गी बरी आहे ना, सर?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

आठ दिवसांनी रजिस्टर पोस्टानं कंपनीचं पत्र आलं. करारातलं कलम एकोणीस. सही करणाऱ्याची ओळख व हजेरी यांची जबाबदारी सर्वस्वी नोटरीची राहील. कंपनीचा त्याच्याशी संबंध राहणार नाही. सही खोटी ठरल्यास होणारं सर्व नुकसान नोटरी भरून देईल. खाली माझीच सही. तो करार मी तीन वर्षांपूर्वी ह्याच टेबलावर, चहा पिता पिता, न वाचता केला होता. मी. दिवसभर लोकांना कागद वाचून दाखवणारा.

आणि तारखेच्या पंधरा दिवस आधी प्राची स्वतः आली. एसटी स्टँडवरच्या कँटीनमध्ये भेटलो. मी मनात एक उंच, ठाम बाई धरून गेलो होतो. समोर बसली ती पंचविशीची, बारीक चणीची, हातावर मेंदीचा उतरलेला रंग असलेली पोरगी.

"सर, मला त्यांनी मुद्दाम पाठवलं. तुमचं माझ्याशी चांगलं आहे म्हणून."

"काय सांगायला?"

तिनं चहात बिस्किट बुडवलं. ते विरघळून तळाला गेलं तरी ती कपात बघत राहिली. "कोर्टात बाईंना विचारतील, अंगठा तुमचा का. त्या नाही म्हणाल्या तर ठसेतज्ज्ञाकडे जाईल. तो खोटा निघणार, हे तुम्हाला माहीत आहे आणि मला पण. मग कर्ज देणारे कंपनीला धरतील आणि कंपनी तुम्हाला."

"आणि त्या हो म्हणाल्या तर?"

"तर काही झालंच नाही, सर. सगळं बरोबर होतं."

"घर जाईल त्यांचं."

"त्यांनी संमती दिली होती. असं होईल ना मग?" तिनं वर पाहिलं. डोळे भरले होते. "सर, तुमचा फोन आला होता हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझं लग्न झालंय फेब्रुवारीत. नोकरी गेली तर... तुम्ही सांगणार आहात का कोर्टात?"

"नाही," मी म्हणालो. हे मी कधी ठरवलं होतं कुणास ठाऊक. तोंडातून मात्र लगेच आलं.

तिची गाडी लागली. मी तिला खिडकीची जागा मिळवून दिली.

*

अंजिराबाईंचं घर गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला. दोन खोल्या, मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. भिंती हातानं इतक्या निगुतीनं सारवलेल्या की बोटांची वळणं कमानीकमानीनं वर चढत गेलेली दिसायची. उन्हं उतरायच्या वेळी मी गेलो. त्या ओट्यावर परातीत घरी आणलेला बेदाणा निवडत होत्या. काडी वेगळी, खडा वेगळा, दाणा वेगळा. तोंडानं काहीतरी चाललं होतं, स्वतःपुरतं :

घर बांधीलं बाई मी, माती वड्याची आणून
चालाया शिकं दिगू बाळ, भिंतीला गं धरून

मला बघून थांबल्या. "या, साहेब. म्या म्हनलंच हुतं, येनार."

"मावशी, त्या कागदावरचा शिक्का—"

"तुमचा हाय. दिवटे वकिलानं सांगितलं. म्या म्हनलं, आसूद्या, मानूस वाईट न्हाई, यील सांगाया. रोज वाट बगत हुते." त्यांनी पाट पुढं सरकवला. "बसा. पानी घ्या. उन्हातनं आलासा."

पाणी गार होतं. मी पूर्ण तांब्या प्यालो.

"त्यानं आंगटा कुनाचा लावला वो?" त्यांनी विचारलं. हात निवडतच होते.

"माहीत नाही. त्याचाच असेल. किंवा बायकोचा."

"सूनबाईचा नसनार. ती माजं मीठ खाऊन आसलं करायची न्हाई. त्याचाच." एक काडी उचलून फुंकरीनं उडवली. "आता हाय कुटं, पत्त्या न्हाई. टेम्पो घिऊन गोव्याकडं फिरतोय म्हनं. फोन करतोय कवातरी. बोलत न्हाई. नुस्ता रडतोय. मी इचारते, जेवलास का?"

मी तांब्या खाली ठेवला.

"मावशी, तारीख जवळ आली. मी तुम्हाला कायदा काय म्हणतो ते समजावून सांगायला आलोय."

"सांगा की."

आणि मी सांगितलं. तीस वर्षांच्या कामात मी कुणाला इतकं नीट कधी सांगितलं नव्हतं. सावकाश, त्यांच्या बोलीत, मधे थांबून, कळलं का विचारून. अंगठा माझा नाही असं तुम्ही म्हणालात, तर घर वाचेल. नक्की वाचेल. तुमच्या हाती राहील. पण मग तो अंगठा खोटा ठरतो. खोटा अंगठा लावणं हा गुन्हा. कायद्यात त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा लिहिलेली आहे.

हात थांबले.

"कुनाला?"

"लावणाऱ्याला."

"दिगूला?"

"कायदा तसं म्हणतो."

"सात वरसं." त्यांनी परातीत बघत मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. त्याचं वय, स्वतःचं वय. "आन तुमास्नी?"

"माझी सनद जाईल. मलाही शिक्षा होऊ शकते."

"घरात कोन तुमच्या?"

"बायको. मुलगी आहे, बारावीला."

"अगं बया." त्या खरोखर हळहळल्या. "परीक्षा जवळ आली आसंल तिची."

"झाली परवा."

"आन मी म्हनलं, आंगटा माजाच, तर?"

"तर कुणालाच काही होणार नाही. पण घर जाईल, मावशी. हे नीट ऐका. घर जाईल."

ओढ्यापलीकडच्या शेडवरची मोटार बंद झाली. एकदम शांत झालं. भिंतीवरची सारवणाची वळणं तिरप्या उन्हात उठून दिसत होती.

"तुमी मला काय कर म्हन्ता?"

ह्या प्रश्नाची तयारी मी वाटेतच करून आलो होतो. "मी काहीच म्हणत नाही, मावशी. मी फक्त समजावून सांगायला आलो. ठरवायचं तुम्ही."

"व्हय. खरं हाय. ज्येचं त्येनं ठरवायचं." त्यांनी निवडलेल्या बेदाण्याची मूठ भरून माझ्यापुढं धरली. "पोरीला न्या. ह्यो गोड हाय, हिरवा न्हाई त्यातला."

मी रुमाल पसरला.

*

कोर्टात त्या दिवशी फार गर्दी नव्हती. मी नोंदवही घेऊन मागच्या बाकावर बसलो होतो. अंजिराबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा कठडा त्यांच्या छातीपर्यंत आला. धुतलेलं लुगडं, कपाळ मोकळं. शपथ घेताना शिपायानं सांगितलेला शब्दन् शब्द त्यांनी मोठ्यानं म्हटला.

दिवटे वकिलांनी कागद पुढं केला. तरुण माणूस. आज जिंकणार म्हणून टाय नवा बांधला होता. "आजी, हा अंगठा तुमचा आहे का?"

"व्हय."

त्यांना वाटलं, प्रश्न कळला नाही. "आजी, नीट बघा. हा अंगठा. कर्जाच्या कागदावरचा. हा तुम्ही केलाय?"

"व्हय की. माजाच हाय."

दिवटे वकील एकदा न्यायाधीशांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, तुमच्या दाव्यात तर तुम्ही अंगठा दिलाच नाही असं म्हटलंय."

"इसरले हुते, साहेब. वय झालं. मागनं याद आली."

"कुणी दबाव आणला का तुमच्यावर? घाबरू नका, सांगा."

"न्हाई जी. मला कोन दाबतंय?"

"ह्या कागदात काय लिहिलंय ते तुम्हाला तेव्हा माहीत होतं? कुणी वाचून दाखवलं, समजावून सांगितलं होतं?"

त्यांनी मान वळवून मला शोधलं. सापडल्यावर चेहरा मोकळा झाला, गर्दीत ओळखीचं माणूस भेटल्यावर होतो तसा.

"व्हय जी. त्या भोकरेवकिलांनी. सगळं समजावून सांगितलं. आजवर मला कुनी इतकं नीट सांगितलं नव्हतं."

लेखनिकानं ते टंकलं. यंत्राचा आवाज मी ऐकत होतो. माझी नोंदवही कुणी मागितलीच नाही.

मी अंजिराबाईंना खोटं काही सांगितलं नव्हतं. शिक्षा कायद्यात आहे, अजूनही आहे. फक्त एक गोष्ट मी त्या ओट्यावर बोललो नव्हतो. त्या दिवशी स्टँडवर गाडी सुटता सुटता प्राचीनं खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं होतं. ती म्हणाली होती, "सर, एक सांगते, मी सांगितलं म्हणू नका. कंपनी पोलिसात कधीच जात नाही, कर्ज देणारेही जाऊ देत नाहीत. पेपरात नाव येतं. अशी चार प्रकरणं झाली माझ्यासमोर. त्या पोराला कुणी हात लावणार नाही. नोटरीकडून भरपाई घेतात, पॅनेलवरून काढतात आणि गप्प मिटवतात. जायचं ते फक्त तुमचं जाणार आहे, सर." मग गाडी हलली.

सात वर्षं अंजिराबाईंच्या दिगूला कुणीही देणार नव्हतं. ती मी दिली, त्या ओट्यावर बसून, त्यांच्या बोलीत, कळलं का विचारत विचारत.

ह्या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. घराला पुढच्याच महिन्यात सील लागलं. नंतर ते पाडून तिथं कुणीतरी बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज बांधलं. अंजिराबाई सांगोल्याला नंदेकडं गेल्या आणि दुसऱ्या वर्षी तिथंच वारल्या, असं शेडवरच्या बायांकडून कळलं. दिगंबर आला होता की नाही, त्यांना माहीत नव्हतं. कंपनीनं मला पॅनेलवर ठेवलं. निकालाच्या चौथ्या दिवशी नवीन पाकीट आलं, कवठेमहांकाळचं. मी गेलो. पुढंही जात राहिलो. माणूस समोर असल्याशिवाय शिक्का मारला नाही, हे खरं. पण ते सांगून आता काय होतं!

त्या दिवशी कोर्टातून बाहेर आलो तेव्हा अंजिराबाई माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. दिवटे वकील त्यांच्याशी न बोलता निघून गेले होते. ऊन पत्र्यावर तडतडत होतं. मला वाटलं, आता त्या बोलतील. ज्याची मी आठ दिवस वाट बघत होतो, ते काहीतरी बोलतील, आणि बोलल्या तर मी सगळं सांगून टाकीन. अजून वेळ होता. न्यायाधीश उठले नव्हते, आत वीस पावलांवर होते, कागदावर सही व्हायची होती.

त्यांनी दोन्ही हात जोडले. बोटांच्या पेरांवर बेदाण्याची काळपट साखर वाळलेली होती.

"साहेब, दिगू वाचला. तुमी येऊन सांगितलं नसतं, तर मी येडी, न्हाई म्हनून बसले असते. पोराला तुरंगात घातलं असतं माज्या हातानं." त्यांनी जोडलेले हात कपाळाला लावले. "लई उपकार झालं बगा तुमचं."

मी त्यांचे हात खाली केले.

"असू द्या, मावशी," मी म्हणालो. "ते माझं कामच आहे."